दाराआडचं मडकं

मागच्या सालचा ठराव हात वर करण्यावरच पडला होता. दिवाळीनंतर माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाली, की पोरांना पाड्यावरच ठेवायचं, म्हाताऱ्यांनी एकत्र रांधायचं, म्हणजे शाळा बुडणार नाही, एवढाच तो ठराव. पण हात वर करायची वेळ आली तशी पाड्यातली एकूण एक सून सासूकडे बघायला लागली. रोहिणी तिच्या सासूकडे, काळीकडे बघत राहिली. काळीचा हात मांडीवरून हलला नाही, मग रोहिणीचाही नाही. रोहिणीची लेक चैती शाळा सोडून भट्टीवर गेली.

यंदा महिला सभेत रोहिणीने ग्रामसेविका प्रतिभाताईंनाच विचारलं, "ताई, संविधानात सगळ्यांचं मत सारखं, असं तुम्हीच सांगता ना? मंग सासूचा हात एवढा जड कसा?"

बाया पदराआड हसल्या. काळी काही हसली नाही.

प्रतिभाताईंना प्रश्न आवडला. त्या म्हणाल्या, "म्हणून तर गुप्त मतदान असतं. कुणी कुणाला मत दिलं, ते कुणाला कळत नाही. अगदी सासूलासुद्धा."

"मंग तसंच करू," रोहिणी म्हणाली.

चिठ्ठ्या लिहिणार कोण? निम्म्या बायांना अक्षरओळख नव्हती. शेवटी अंगणवाडीच्या दाराआड मडकं ठेवलं. प्रत्येकीला भाताचा एक दाणा, नागलीचा, म्हणजे नाचणीचा, एक. ठराव हवा तर भात मडक्यात, नको तर नागली. उरलेला दाणा मागच्या दारानं कोंबड्यांना. कोंबड्या कुणाला सांगायला जात नाहीत.

"हात काय देवानं शोभेला दिलेत?" काळी पुटपुटली. पण रांगेत उभी राहिली. एकेक बाई दाराआड जाऊन आली. बाहेर येताना प्रत्येकीचा चेहरा असा कोरा, की त्यावरून कुणी काही ओळखेल तर शपथ. यंदाही ठराव पडला तर चैतीची शाळा कायमचीच सुटणार, हे रोहिणीला पक्कं ठाऊक होतं.

प्रतिभाताईंनी मडकं सुपात उपडं केलं. सगळ्याजणी वाकल्या. भात, भात, नुसता भात. नागलीचा एक दाणा दिसेना. ताईंनी मडक्यात हात घालूनही पाहिलं.

"एकमतानं मंजूर," ताई म्हणाल्या, आणि हसायलाच लागल्या. "सगळाच भात निघाला, आता गुप्त काय राहिलं?"

तेव्हा सगळ्या माना काळीकडे वळल्या.

"आत्या, तुम्ही पण?" रोहिणीने सासूला विचारलं. "मागल्या साली तर हात नाय उचललात."

"तू कुठं उचललास? मला वाटलं, पोटची पोर माझ्याकडं ठेवायचा तुला धीर नाय. आईच नको म्हणते, मंग मी म्हातारी कशी म्हणू?"

"मला वाटलं, तुमच्यानं एवढ्या पोरांचं होणार नाय."

"कधी विचारलंस?"

रोहिणीला काळीचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. काळीने सुपातले दाणे मुठीत घेतले.

"मी तुझ्याकडं बघत बसले, तू माझ्याकडं," ती म्हणाली, "आन् पोर तिकडं विटा उलटत बसली."