पसाभर कोंडा

डॉक्टरबाईंनी पेन पुढं केलं, तसा अश्विनीनं हात पदराआड ओढून घेतला.

"मी त्याची आई न्हाई," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी न चिडता पुन्हा सांगितलं, "नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे. बाळाचा श्वास सुधारेल असं वाटतं, खात्री नाही. नको तर नको, आहेत ते उपचार चालूच राहतील. कुणाच्या सांगण्यावरून सही करू नका."

कागदावर बापाच्या जागी मानसिंगची सही होती. आईची जागा कोरी होती.

अश्विनी काही वेडी नव्हती. गुंजवण्याच्या या पोरीची आधीची दोन बाळं आठवडा पुरा व्हायच्या आत गेली होती. काल दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतलं हे तिसरंही निळं पडायला लागलं. पण सासू साळूबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं उभ्या उभ्या बाळ विकून टाकलं, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या शाहीनमावशीला, पसाभर कोंड्याच्या बदल्यात. शाहीनची पाचही लेकरं धडधाकट होती. जे न्यायला येतं, त्याला बाळ अश्विनीचं आहे हे कळू नये, एवढंच. तेव्हापासून बाळ नळीवर का होईना, तग धरून होतं. आणि आता आपल्याच हातानं पत्ता लिहून द्यायचा? औषध तर तिलाही हवं होतं.

"मावशीची सही घ्या," ती म्हणाली.

"तशी चालत नाही हो."

फरशी पुसणाऱ्या शाहीनचा हात थांबला.

"सही कर, पोरी," ती मान वर न करता म्हणाली. "तुझं तू माघारी घे."

"मावशी?"

"माझ्या लेकीला, आरजूला, सातवा म्हैना लागलाय. कालपास्नं पोटातलं हलंना. न्यायला येणारं तुझं सोडून माझ्या दारात आलंय. जावई आत्ताच तिला तपासायला घेऊन गेलाय."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी कागद मागं घेतला. "आज राहू द्या, अश्विनीताई."

दोन बाळं पुरलेल्या बाईला 'हलंना' म्हणजे काय, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. अश्विनीनं कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि आईच्या जागी आपलं पूर्ण नाव लिहिलं.

थोड्या वेळानं शाहीनचा मोबाईल वाजला. ऐकता ऐकता ती ओल्या फरशीवरच बसली.

"हललं!" ती रडत हसली. "हललं गं, अश्विनी!"

अश्विनीला खरंच आनंद झाला. तिनं मावशीचा हात घट्ट धरला. पण काचेपलीकडच्या पेटीकडं मान वळवायचा तिला धीर होईना.