हात भाईर

शुभांगीनं मला चांगलंच पेचात धरलं होतं. "आप्पा, एकट्यानं इंजिन स्टँडवर चढवून दाखवा, मग गॅरेज बंद करा असं मी परत म्हणणार नाही. नाही जमलं तर गपचूप मारुंजीला माझ्याकडे यायचं." पोरगी माझीच, हट्टही माझाच. मी म्हटलं, "व्हय, दाखवतो."

मारुंजीला जाऊन मी काय करू? गॅलरीत बसून खालच्या गाड्यांचे आवाज ओळखू? रिहे गावच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. पत्र्याचं का असेना, तिथं हाताला काम तरी आहे.

सकाळी हैबतरावांच्या जीपमधून इंजिन सोडवून वर उचललं. चेनकप्पीला ते लटकलं आणि मी सवयीनं घराकडे तोंड करून हाक मारली, "ये गं, साखळी धर." मग स्वतःचाच राग आला. माझी बायको रजनी जाऊन वर्ष होत आलं, पण जिभेला अजून त्याचा पत्ता नाही.

आमच्याकडे हेल्पर टिकायचे नाहीत, हिंजवडीला कॅब चालवायला पळायचे. मग रजनीच साखळीला उभी राहायची. मी इंजिन चाकांच्या स्टँडला टेकवून बोल्ट लावायचो, ती माझ्या सांगण्यावर इंजिन केसभर वर, केसभर खाली करायची. बोल्ट आवळून झाले की साखळी सैल करण्याआधी विचारायची, "अवं, हात भाईर?" मी "भाईर" म्हटल्याशिवाय साखळी हलायची नाही. एकदा मी चिडून उत्तरच दिलं नाही, तर बया तशीच उभी. शेजारच्या गोजराबाईंनी आणलेला चहा गार झाला, तरी हिनं साखळी सोडली नाही. शेवटी मीच ओरडलो, "भाईर हाय की गं बाई!" तेव्हा हसली.

आता एक हात साखळीवर आणि एक बोल्टवर, असं करून बघितलं. इंजिन झुललं, बोट थोडक्यात वाचलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. खाली बसलो. शुभांगीचंच खरं होणार असं वाटलं.

मग उठलो. स्टँडची चार लोखंडी हातांची प्लेट सोडवली आणि लटकत्या इंजिनालाच आधी बसवली. पुरेशा लांबीचे बोल्ट आधी हातानं फिरवले, मग पान्यानं आवळले. प्लेटच्या मागं दांडा असतो. त्याच्यासमोर स्टँडच ढकलत आणलं, दांडा स्टँडच्या नळीत सरकला. खीळ घातली, चाकं अडवली, हलवून बघितलं. एका माणसाचं काम.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. लग्नाआधी मी असंच तर चढवायचो. पण मग रजनीला घरातून बोलवायला निमित्त काय राहिलं असतं?

आता फक्त साखळी सैल करायची होती. माझे दोन्ही हात साखळीवरच होते. इंजिनापाशी अडकायला कुणाचाच हात नव्हता, विचारायचं कुणाला आणि कशाला? तरी मी उभा राहिलो. समोरच्या खाचरात बगळे चरत होते. बराच वेळ तसाच उभा होतो, वेड्यासारखा. मग "भाईर," असं मोठ्यानं म्हटलं आणि हळूहळू साखळी सोडली. इंजिनाचं वजन स्टँडवर आलं, जरा कुरकुरलं आणि पक्कं बसलं.

शुभांगीला फोन लावला. "चढलं."

"खरंच? धरायला कोणाला बोलावलंत?"

"कुणाला न्हाई. कुणाची गरजच न्हाई त्याला," म्हणालो, आणि रडू फुटलं. पैज जिंकली होती, तरी आवरेना.

तिला वाटलं असावं, मी काहीतरी दुखावून घेतलंय. मग घाबऱ्या आवाजात तिनं विचारलं, अगदी आईसारखंच, "आप्पा, हात भाईर?"

"भाईर हायेत गं," मी म्हणालो. "दोन्ही."