वर्षाराणीने निवडलेले ब्रेक

अहमदपूरच्या मोंढ्यात सिद्धरामच्या धान्याच्या आडतीवर जो येई, त्याला त्या आठवड्यात तुरीच्या भावाआधी ब्रेकची कथा ऐकावी लागे. “आमच्या वर्षानं निवडलेत,” असं तो सुरू करी आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड होई. वर्षाराणी ही त्याची एकुलती एक लेक, नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचं कौतुक करायला सिद्धरामला एरवीही निमित्त लागत नसे, पण या खेपेला ते आयतंच मिळालं होतं.

दिवाळीत पाहुण्यांकडून परतताना बालाघाटाच्या उतारावर त्यांच्या जुन्या पांढऱ्या सेडानने दगा दिला होता. गाडीत घरची सगळी माणसं, डिकीत गव्हाचं पोतं. पुढच्या चाकांतून जळका वास सुटला आणि ब्रेक दाबला तर पाय नुसताच खाली जायला लागला. सिद्धरामने गिअर उतरवत कशीबशी गाडी कडेला घेतली. मागे बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईचा, कमलम्माचा, शिवनामाचा जप घरी पोचेपर्यंत थांबला नाही. त्याच दिवशी सिद्धरामने जाहीर केलं, की बाजारात सगळ्यात भारी असतील तेच ब्रेक गाडीला बसवायचे.

भारी म्हणजे त्याच्या मते लाल. मोबाइलवर त्याने पाहूनच ठेवले होते: डिस्कला चिमट्यात धरणारे लालभडक कॅलिपर आणि परातीएवढ्या, भोकं पाडलेल्या डिस्क. गाडी घरीच ठेवून तो एसटीने नांदेडला गेला, लेकीला सोबत घेतलं आणि स्पेअर पार्टच्या दुकानात फोटो पुढे केला. दुकानदार माल काढायला वळला, तेवढ्यात वर्षाराणी म्हणाली, “पप्पा, ही डिस्क आपल्या चाकात मावतच न्हाई. मग चाकं बदला, टायर बदला. अन् हे पॅड रेसचे हायत. तापल्याबिगर धरत न्हाईत. सकाळी गल्लीत म्हैस आडवी आली तर ते तापायची वाट बघायची का?”

मग तिने स्वतः निवड केली. गाडीच्या मूळ मापाच्या, पण चांगल्या घडणीच्या डिस्क. थंड असतानाही धरतील आणि उतारावर तापले तरी सुटणार नाहीत असे पॅड. मागच्या चाकांना नवे ब्रेक शू. लाल असं त्यात काहीच नव्हतं, त्यामुळे सिद्धराम जरा हिरमुसला. पण दुकानदार म्हणाला, “ताईला लई कळतंय बरं का,” आणि सिद्धरामची छाती अशी फुगली, की परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा त्याने पॅडचे प्रकार समजावून सांगितले.

रविवारी सकाळी मेकॅनिक रामलिंग अंगणात आला. ब्रेक बसले की सगळ्यांनी त्याच गाडीतून कमलम्माच्या माहेरी, उदगीरला जायचं होतं. त्यासाठी मुद्दाम घरी आलेल्या वर्षाराणीने खोकं उघडलं आणि ती तशीच थबकली. डिस्कवर विभूतीचे पट्टे होते, पॅडवर कुंकू, आणि सगळ्याला करडईच्या तेलाचा वास.

“आज्जी, ह्याला काय केलंस?”

“पूजा केली,” कमलम्मा कौतुकाने म्हणाली. “नवं लोखंड तेल पाजल्याबिगर वापरायचं नसतंय. घाण्याचं तेल हाय. रातभर मुरू दिलंय.”

“काय बिघडत न्हाई, अप्पा,” रामलिंग सिद्धरामला म्हणाला. “डिस्क धुऊन घेतो, पॅडला पॉलिश पेपर मारतो. चालतंय.”

“डिस्क धुता येतील,” वर्षाराणी म्हणाली. “पॅड न्हाई. ते तेल आत पेतात. तापले की तेल वर येतं अन् ब्रेक घसरतो. हे फेकावेच लागतील.”

कमलम्माच्या पूजेतली वस्तू फेकायची! नवरा गेल्यावर या बाईने एकटीने शेती सांभाळली, पोराला शिकवलं, आडत उभी करून दिली. त्या घरात तिचा शब्द खाली पडत नसे. आईचा अभिमान सिद्धरामला लेकीच्या अभिमानापेक्षा तसूभरही कमी नव्हता. त्याने मधली वाट काढून पाहिली.

“वर्षे, आजच्यापुरते हेच बसवू. उदगीरला जाऊन आलो की बदलू.”

“मग आज्जी गाडीत बसणार न्हाई. मी बसू देणार न्हाई.”

कमलम्माने मान वर केली. “मला न्हाई म्हणतीस?”

“हाव,” वर्षाराणी म्हणाली. हातातले पॅड तिने सोडले नाहीत. “तू मायेनं लावलंस, मला ठावं हाय. पण हे बसवले अन् उतारावर धरले न्हाईत तर तुझ्या जिवाचं काय, आज्जी?”

कमलम्मा आत निघून गेली. दोघींनी मिळून आपल्याला कात्रीत धरलंय, असं सिद्धरामला वाटलं. आईला दुखवायचं धाडस त्याने जन्मात केलं नव्हतं. तरी लेकीच्या हातून पॅड घेऊन त्याने ते रामलिंगच्या भंगाराच्या डब्यात टाकले. आता आपल्या नशिबी महिनाभर अबोला आहे, अशी त्याची खात्रीच झाली.

“सिद्धराम,” आतून आवाज आला. “तसलेच दुसरे आण. माझा भाऊ कुठं पळून चालला न्हाई. पुढच्या आइतवारी जाऊ.”

पुढच्या रविवारी पॅडचं नवं खोकं कमलम्माच्या मांडीवर होतं. रात्री ती ते उशाशी घेऊन झोपल्याचं वर्षाराणीने हसत सांगितलं. रामलिंगने साबणाने हात धुऊन दाखवले तेव्हा कुठे त्याला एक पॅड मिळाला. दुसरा पटकन द्यावा म्हणून सिद्धरामने खोक्यात हात घातला, तर म्हातारीने त्यावर फटका दिला.

“तेलाचा हात असंल तुझा. पॅड तेल पेतंय, ठावं न्हाई का? माझ्या नातीला इच्चार. जा, धुऊन ये.”

पन्नाशीचा सिद्धराम मुकाट्याने नळावर गेला. साबण चोळता चोळता त्याचे डोळे भरून आले. त्याची आई आज त्याच्याच थाटात नातीचं कौतुक मिरवत होती, आणि या दोघींचा आपण कुणीतरी आहोत याचा एवढा अभिमान त्याला उभ्या आयुष्यात कधी वाटला नव्हता. अंगणातून कमलम्मा ओरडली, “कोपरापर्यंत धू!” आणि त्याने कोपरापर्यंत धुतले.