लालासाहेबांची विहीर

मधुकर जोगळेकरनं चार वर्षं मुंबईच्या टेलिव्हिजनसाठी लिहिलं आणि सांगलीत त्यातलं अक्षरही कुणी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? सांगलीत टेलिव्हिजन दिसतच नव्हता. "म्हणजे रेडिओवरच ना?" असं शेजारी विचारीत, आणि पहिल्या महिन्यानंतर तोही "हो, रेडिओवरच" म्हणून मोकळा होऊ लागला.

तिकडे त्याच्याकडे शेतकऱ्यांसाठीच्या नाटुकल्या होत्या. दोन शेतकरी बांधावर भेटत. एकाच्या पिकावर कीड पडलेली असे, दुसऱ्याला औषध ठाऊक असे. एकदा कंटाळून त्यानं बांधावर चोर आणला, तर साहेबांनी चोराचा ग्रामसेवक केला. एकदा भूत आणलं, तेव्हा "हे कुठल्या खात्याकडे येतं?" एवढंच विचारून त्यांनी कागद परत दिले. सत्त्याहत्तर साली मधुकर मुंबई सोडून आला. त्याची बायको क्षमा सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवत होती. तिच्या पगारावर घर चालेल, तोवर आपण रहस्याच्या आणि भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहायच्या आणि स्वतःच काढायच्या, असं त्यानं ठरवलं.

पहिली निघाली ती 'तिसऱ्या पायरीवरची बाई'. सांगलीतच खणभागात अण्णांचा छापखाना होता, तिथं ती छापली. मुखपृष्ठ अण्णांनी परस्पर करून घेतलं. मोकळे केस, सुळे, आणि सुळ्यांवरून ओघळणारं रक्त.

"अण्णा, माझ्या अख्ख्या कादंबरीत रक्ताचा थेंब नाही हो!"

"आत नसू दे," अण्णा शांतपणे म्हणाले. "बाहेर पाहिजे."

पुस्तक खपलं, हे आणखीच चीड आणणारं होतं. सातारा, कऱ्हाड, मिरज, सगळ्या एसटी स्टँडांवरून मागणी आली. मधुकरनं आता नव्या कादंबरीला हात घातला होता, तोच एका दुपारी दारात फेटा बांधलेला, ताठ पाठीचा एक गृहस्थ येऊन उभा राहिला.

"तुमीच का त्ये भुताचं लिवणारं?"

"हो. आपण?"

"सुभेदार लालासाहेब. रिटायर. कुंडल." त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "ही माझी हीर हाय."

मधुकरला क्षणभर काही कळेना. मग कळलं आणि त्यानं कपाळाला हात लावला. कुंडलच्या रस्त्यावर एकदा त्याची एसटी बंद पडली होती. तिथं दोन चिंचांच्या मधे एक पायऱ्यांची विहीर दिसली. कादंबरीला विहीर हवीच होती, त्यानं ती उचलली. गावाचं नावही बदलायचा आळस केला.

"भांगलायला एक बाई यीना रानात. मोटर चालू करायला ठिवलेला गडी, आकाराम, त्यो हिरीकडं पाठ करून हुबा ऱ्हातो. पासष्टच्या लढाईत मी मागं सरलो न्हाई, आन् आता माझ्या उसात ही तऱ्हा! तुमी यायचं आन् समद्यांफुडं सांगायचं, ह्ये खोटं हाय म्हणून. ऑर्डर समजा."

"अहो, पण ती कादंबरी आहे. कादंबरी खोटीच असते!"

"मला कळतंय. बायास्नी सांगा."

दुसऱ्या दिवशी पलूसवरून मधुकर कुंडलला पोचला. विहिरीवर निम्मं गाव जमलं होतं. कामाला कुणी यायला तयार नव्हतं, हे ऐकायला मात्र सगळे आले होते. मधुकरनं घसा साफ केला आणि सांगितलं, की ही बाई त्याच्या डोक्यातली आहे, ती कधी नव्हती, आत्ताही नाही.

"व्हय, पर तिसऱ्या पायरीवर बसती त्ये बरूबर लिवलंय," आकाराम म्हणाला. "मी बघितलीया."

"कधी बघितलीस?"

"पुस्तक वाचल्यावर."

मधुकरनं लालासाहेबांकडे पाहिलं. लालासाहेबांनी आभाळाकडे पाहिलं.

"हे बघा," मधुकर म्हणाला आणि चपला काढून तरातरा खाली उतरला. तिसऱ्या पायरीवर बसला, मग शेवटच्या पायरीवर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायला. वर येऊन म्हणाला, "काय झालं मला? काही झालं?"

"तुमास्नी ती काय करंल?" रंगूबाई नावाची एक ठसकेबाज बाई पदराआडून म्हणाली. "तुमीच तर तिला आणलीया."

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. चार वर्षं किडीवरचं औषध सांगितलं तर एकानं ऐकलं नव्हतं, आणि एक भूत लिहिलं तर अख्खा तालुका त्याचा शब्द खाली पडू देईना! तो तोंड उघडून काहीतरी लागट बोलणार होता, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि एक म्हातारी पुढं आली. हातात कळशी होती.

"बनुबाई हाय," लालासाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "हिची लेक हरणा. म्हायेरपणाला आल्ती, हितंच गेली. लय वर्सं झाली. गाव म्हणतं, जीव दिला."

मधुकरला हे ठाऊक नव्हतं.

"मला वाचाया येत न्हाई," बनुबाई म्हणाली. "तुमी तिचं कसं लिवलंय, तेवढं म्हणून दावा."

तो विहिरीच्या काठावर बसला. लालासाहेबांनी पुस्तक पुढं केलं. स्वतःचीच वाक्यं मोठ्यानं वाचताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळाकभिन्न अंधार, घोंघावणारा वारा, थरथरती चिंच. बनुबाई त्यातलं काहीच ऐकत नसावी. मग ते वाक्य आलं. पायरीला शेवाळ होतं, घागर जड होती, तिचा पाय सरकला आणि तिनं आईला हाक मारली.

"परत म्हणा."

त्यानं परत वाचलं.

"पाय सरकला," बनुबाई म्हणाली. "त्ये खरं हाय न्हवं?"

लालासाहेब त्याच्याकडे बघत होते. सगळं खोटं आहे, हे सांगायलाच त्याला बोलावलं होतं. हो म्हणावं तर भूतही खरं, नाही म्हणावं तर या बाईच्या तोंडावर... आपल्याला ही कादंबरी का सुचली, असं त्याला मनापासून वाटलं.

"आजी, मी तिला कधी पाहिलं नाही," तो अखेर म्हणाला. "मला माहीत नाही. मी नुसतं लिहिलं."

म्हातारीनं मान हलवली. मग ती जमलेल्या गावकऱ्यांकडे वळली.

"त्येला ठावं न्हाई म्हणतोय. मंग जीव दिला म्हणत हुता, तुमास्नी तरी कुठं ठावं हुतं?"

आकारामनं मान खाली घातली. बनुबाई कळशी घेऊन पायऱ्या उतरली, तिसऱ्या पायरीवर थोडी टेकली, मग पाणी भरून वर आली.

"माझी लेक आसंल तर मला भेटंल, तुमास्नी न्हाई. रंगू, खुरपं घे."

रंगूबाई जरा घुटमळली, आणि निघाली. तिच्यामागून बाकीच्या बायाही उसात शिरल्या.

लालासाहेब मधुकरला स्टँडवर सोडायला आले. एसटी दिसू लागली, तसं सुभेदारांनी इकडंतिकडं पाहिलं. "फुडचं लिवताना," ते म्हणाले, "माझ्या भावकीची एक हीर हाय वरल्या अंगाला. भुताला लय सोयीची." मधुकर गाडीत चढला.

आठवड्यानं मधुकर छापखान्यात गेला, तर अण्णांना सारी हकीकत आधीच कळली होती. दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर त्यांनी ठळक अक्षरात छापलं होतं: 'ही विहीर आजही कुंडलला आहे!'

मधुकरनं त्या मुखपृष्ठांचा गठ्ठा उचलला आणि छापखान्यासमोरच्या रस्त्यावर काडी लावली. अण्णा ओरडत राहिले, माणसं जमली, क्षमा शाळेतून येताना तो धूर बघून थबकली. त्या महिन्यात तो साताऱ्याचा एक छापखाना शोधून आला. तिथं दुसरी आवृत्ती साध्या निळ्या कागदाच्या वेष्टनात निघाली, गावाचं नाव बदललेलं, विहीर बदललेली. पाय सरकल्याचं वाक्य त्यानं होतं तसं ठेवलं.

ही आवृत्ती निम्मीसुद्धा खपली नाही.