मुठीएवढी जागा

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. खरे म्हणजे आता स्वतःला गाडी म्हणवून घेण्याचीही मला लाज वाटते. माझे बॉनेट चेपले आहे, समोरची काच राहिलेली नाही आणि ज्या चाकांवर मी मिरवले ती कोणीतरी काढून नेली आहेत. भंगाराच्या आवारात पत्र्याच्या ढिगाला टेकून मी पडले आहे. माझी कहाणी ऐकून तुम्ही रडावे असे मला वाटत नाही. पण ऐका, कारण माझे तुमच्याकडे एक काम आहे.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या दाराच्या कडेला एक लहानशी पट्टी चिकटवलेली होती. मी पाठीवर किती वजन घ्यावे आणि मागे ट्रॉली जोडली तर सगळे मिळून किती असावे, हे तिच्यावर छापलेले होते. माणसाच्या अंगावर असे काही छापलेले नसते, बिचारा मरेस्तोवर ओझी वाहतो, असे मला तेव्हा वाटले आणि मी स्वतःला भाग्यवान समजले. छापलेले कोणीतरी वाचावेही लागते, हे मला पुढे कळले.

मला विकत घेतले दोन भावांनी. त्यांचा सिमेंटचे बाक, कुंड्या आणि कुंपणाचे खांब बनवण्याचा धंदा होता. अंगणात वाळूचा ढीग, भिंतीला टेकवलेले लोखंडी साचे आणि ओल्या गोणपाटाखाली सुकत पडलेले बाक. थोरला साचे भरी आणि धाकटा मला चालवी. थोरल्याची बायको माल चढवून घेई. कामगारांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत, म्हणून मीही म्हणते. घरात सासूबाई होत्या. बाईमाणसाने गाडीच्या कामात नाक खुपसू नये असे त्यांचे ठाम मत होते, आणि दिवसातून एकदा तरी त्या ते बोलून दाखवत.

ती पट्टी वाचली ती वहिनीनेच. तिने मला ट्रॉलीसकट वजनकाट्यावर नेले आणि पट्टीवरच्या आकड्याला काटा टेकेपर्यंत माल चढवला. ट्रॉलीचे तोंड माझ्या हुकावर टेकत असल्यामुळे ती जड झाली की माझे बूड खाली बसते. वहिनी माझ्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि टायर व मडगार्ड यांच्या मध्ये तिने मूठ सरकवली. ती नेमकी बसली.

"बास. एवढी जागा राहिलीच पाहिजे. मूठ अडकली की माल उतरवायचा," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही मूठ वळलीत की माझीच छाती धडधडते, गाडीची काय कथा!" धाकटा म्हणाला. तो असाच होता. काहीतरी टवाळी केल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. मला चालवताना तो बेसूर शीळ घाली आणि गिअर नीट पडला नाही तर माझ्या डॅशबोर्डवर थाप मारून म्हणे, "रुसलीस का गं?"

ते दिवस सुखाचे होते. गावाबाहेरची चढण मी भरल्या ट्रॉलीसकट दमदारपणे चढे, तेव्हा चहाच्या टपरीवरचे लोक "काय पैलवान आहे हो!" म्हणत. मीही फुशारून जाई. पण मित्रांनो, चढ चढता येणे वेगळे आणि उतारावर थांबता येणे वेगळे. इंजिनाचे सगळे कौतुक करतात. ब्रेकचे कौतुक केलेले मी एकदाही ऐकले नाही. आमच्या ट्रॉलीला तर स्वतःचे ब्रेक नव्हतेच. तिचा सगळा रेटा उतारावर माझ्याच ब्रेकवर येई.

धंदा वाढला तशी मूठ वरचेवर अडकू लागली. वहिनी शांतपणे उभी राहून बाक खाली उतरवून घेई आणि एका खेपेच्या दोन खेपा होत. थोरल्याला ते सोसेना.

"कामगारांसमोर माझं नाक कापतेस तू," तो एकदा तिच्यावर खेकसला.

"अहो, नाक राहू द्या, भाऊजींची मान राहायला हवी," ती म्हणाली. कामगार हसले. थोरला मात्र हसला नाही.

पुढे वहिनीचे वडील आजारी पडले आणि ती माहेरी गेली. धाकटाही तिला पोहोचवायला गेला होता. त्या मधल्या वेळात थोरल्याने मला गॅरेजात नेले. माझे मागचे बूड ज्या पोलादी पट्ट्यांवर तोललेले असते त्यांना पाटे म्हणतात. त्याने दोन्ही बाजूंना जादा पाटे घालायला सांगितले.

"घालतो, पण पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही हं," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "ब्रेक तेच, टायर तेच. नुसतं बूड खाली बसायचं नाही. वजन दिसणार नाही, एवढंच."

"दिसत नाही तेच तर हवंय," थोरला म्हणाला.

मी ते ऐकले. मला तोंड असते तर मी गाव गोळा केले असते.

वहिनी परत आली. टेकडीपलीकडच्या नव्या शाळेच्या मैदानासाठी बाक पोहोचवायचे होते, आणि दुसऱ्याच दिवशी शाळा उघडायची होती. थोरल्याने एकाच खेपेत सगळे बाक चढवायला लावले. माझ्या पाठीवर दोन थर, ट्रॉलीत त्याहून जास्त. वहिनी त्या ढिगाकडे पाहतच राहिली.

"हे जास्त नाही होत?"

"तुझी मूठ घालून बघ की," थोरला म्हणाला आणि साचे धुवायला वळला.

तिने बसून मूठ घातली. ती सहज आत गेली, वर बोटभर जागाही उरली. तिने दुसऱ्या चाकाशी जाऊन पाहिले. तिथेही तेच. तिच्या कपाळावर आठी होती, पण हाताला जे कळले त्यावर तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? इतकी वर्षे त्या मुठीने कधी दगा दिला नव्हता.

"जा भाऊजी. सावकाश जा," ती म्हणाली.

चढण मी नेहमीसारखी चढले. उतार लागला आणि ट्रॉलीने मला मागून ढकलायला सुरुवात केली. धाकट्याची शीळ थांबली. त्याने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. माझी चाके तापली, जळका वास केबिनमध्ये शिरला आणि मग त्याच्या पायाखालचा ब्रेक पोकळ झाला. त्याने गिअर खाली आणायची धडपड केली. "असं कसं? वहिनींनी बघितलंय ना," तो स्वतःशीच म्हणाला. दरीत जाऊ नये म्हणून त्याने मला डोंगराच्या अंगाला घातले. मी थांबले, पण पाठीवरचे बाक थांबले नाहीत. धाकटा तिथेच गेला.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ब्रेक पाहिले. वाकून पाट्यांकडे त्याने पाहिले नाही. "वजन फार होतं. निघताना बघितलं कोणी?" त्याने विचारले.

"हिनं!" सासूबाई ओरडल्या. "हिनंच हात घालून जा म्हणून सांगितलं माझ्या लेकराला!"

"हो. मीच जा म्हणाले," वहिनी म्हणाली. थोरला शेजारी उभा होता. तो नखांतले वाळलेले सिमेंट खरवडत राहिला.

माझी चाके निघण्याआधी वहिनी एकदा इथे आली होती. चाकाशी बसून ती मूठ आत घाली, बाहेर काढी, पुन्हा घाली. "कुठे चुकलं गं माझं?" ती मला विचारत होती. "आई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं." थोरला फाटकाशी उभा राहून ऐकत होता. मला वाटले, आता तरी हा बोलेल. तो म्हणाला, "चल, उशीर होतोय."

मित्रांनो, गाडीच्या दारावरची पट्टी वाचत जा. तिच्यावर जेवढे लिहिले आहे तेवढेच वजन ठेवा, आणि ट्रॉलीचे वजन त्यातच धरा. गाडी वाकली तर तिला वाकू द्या, तिचे सांगणे बंद करू नका. हे सांगायला मी उरले आहे, पण याचा मला आता काही उपयोग नाही. माझे काम वेगळे आहे. सिमेंटच्या कामाने खरखरीत झालेल्या हाताची, स्वतःच्या मुठीकडे बघत बसणारी बाई तुम्हाला कुठे भेटली, तर तिला सांगा की बाई, तुझे काही चुकले नव्हते. तिला दुसरे कोणी सांगणार नाही. जादा पाटे अजून माझ्या पोटाखाली आहेत, कोणीही वाकून पाहिले तर दिसतील. पण गॅसकटर घेऊन माणूस आला आहे आणि त्याने मागच्या बाजूनेच कापायला सुरुवात केली आहे.