पावण्याचा चीक

अंबादास डॉक्टरांनी जनावरांची प्रॅक्टिस सोडून बरीच वर्षं झाली, पण गप्पांत कुठूनही सुरुवात करा, त्यांची गाडी हटकून कोल्हापूरकडच्या कबनूर गावाला जाऊन थांबते. पंचाहत्तर-शहात्तरचा काळ तो. माणसं तोंडावर फाडफाड बोलायची आणि बोलता बोलताच मदत करून मोकळी व्हायची. ते दिवस आठवले की डॉक्टरांना अजून भरून येतं, आणि ते कुणापासून लपवावं असंही त्यांना वाटत नाही.

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पलीकडं यज्ञेश्वरपंत वकिलांचा मळा होता. पंतांना वकिलीपेक्षा जनावरांचा नाद जास्त. एका सर्कशीनं पावसाळ्यात मुक्काम ठोकला होता, तिच्याकडून त्यांनी ग्वानाकोची जोडी ठेवून घेतली. ग्वानाको म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातला जंगली प्राणी, उंटाच्याच भावकीतला, पण कुबड नसलेला आणि चिडला की थुंकणारा. शिवाजी पेठेतली पोरंसोरं रविवारी त्याला बघायला यायची आणि उंटाचं कुबड कुणी कापलं म्हणून पंतांना भंडावून सोडायची.

मादी बुजरी होती. परक्या मातीत, जाळीच्या आत तिला पान्हाच फुटायचा नाही. तिची दोन पिल्लं हगवणीनं गेली होती, दुसरं तर डॉक्टरांच्या मांडीवर. वरच्या दुधानं पोट भरतं, पण रोगाला तोंड द्यायची ताकद व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातून, चिकातूनच यावी लागते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. वासरांच्या हगवणीमागं विषाणू असतो आणि त्याला औषध लागू पडत नाही, असंही तेव्हा नुकतंच छापून येऊ लागलं होतं. म्हणून मादी तिसऱ्यांदा गाभण राहिली तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की या खेपेला पिल्लाच्या पोटात पहिल्यांदा म्हशीचा चीक जाईल. हेही पिल्लू गेलं असतं तर पुन्हा त्या मळ्याची पायरी चढायचं त्यांना धाडस झालं नसतं.

पेठेतल्या जोतीरामची म्हैस नेमकी त्याच सुमारास व्यायची होती. डॉक्टरांनी त्याला आधीच सांगून ठेवलं, ‘चीक लागणार आहे, राखून ठेव.’ एका रात्री म्हैस व्याली आणि सकाळी मादीलाही पिल्लू झालं. निरोप गेल्यावर जोतीराम सायकलवरून डबा घेऊन हजर झाला. झाकण उघडलं तर आत खरवस. गूळ, वेलदोडा, वर जायफळ किसलेलं.

“आरं, कच्चा चीक कुठाय?” डॉक्टरांनी झाकण हातात धरून विचारलं.

“कच्चा?” जोतीराम चक्रावला. “डॉक्टर माणूस पयल्यांदाच कायतरी मागतोय, त्याला कच्चा कसा द्यायचा? आमच्या कारभारणीनं, तानाबाईनं पाटंपास्नं चुलीम्होरं बसून केलाय की.”

त्याचं काय चुकलं होतं? कोल्हापुरात चीक मागणारा माणूस खरवसासाठीच मागतो. पण शिजवलेल्या चिकात ती ताकद कुठली राहायला? आणि पुढच्या धारेसाठी संध्याकाळपर्यंत पिल्लाला उपाशी ठेवून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी जोतीरामला एका शब्दानं दुखावलं नाही आणि स्कूटरला किक मारली. ती थेट कबनूरला, पार्श्वनाथ पाटलांच्या दारात.

पाटलांच्या घराला लागूनच यंत्रमागांची शेड होती. खटखटाट असा, की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागे. त्यांच्या अडलेल्या म्हशीची सुटका आदल्याच दिवशी डॉक्टरांनी केली होती. मागच्या साली त्या गोठ्यातून हगवण फिरून गेलेली, म्हणजे ज्या रोगाची भीती, त्याच्याशी झगडलेली म्हैस. आणि पाटील जैन. व्यालेल्या म्हशीचं दूध पंधरा दिवस त्यांच्यात कुणी तोंडाला लावत नाही. सगळा चीक वासराला.

पार्श्वनाथांची बायको राजमतीआक्का अंगणात होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“चीक वासराचा हाय. त्याचं पोट भरलं की उरंल ते न्या,” ती म्हणाली. मग डॉक्टरांच्या स्कूटरकडं बघून, “पर तांब्या घिऊन कितीदा पळणार तुमी? पिल्लूच हिकडं आणा की.”

पंतांच्या जीपमधून पिल्लू आलं. आक्काची सून विजयमाला दिवस भरत आलेली असूनही पोत्यावर बसून त्याला बाटलीनं चीक पाजू लागली. परक्या मुलखातलं म्हणून सगळे त्याला पावणं म्हणू लागले. पुढच्या आठवड्यात हगवण आली. वासराला आली, पावण्यालाही आली. डॉक्टर गोठ्यातच बसून राहिले. आक्का येता-जाता बघायची आणि वासराचं भागल्यावर ताजं दूध राखून ठेवायची. वासरू उठलं. दोन दिवसांनी पावणंही उठलं आणि सरळ डॉक्टरांच्या तोंडावर थुंकलं. डॉक्टर हसता हसता रडले, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

पिल्लू न्यायला जीप आली तेव्हा माग बंद होते, जेवणाची सुट्टी झालेली. इतकी शांतता की आक्कालाही आवाज खाली घ्यावा लागला.

“डॉक्टर, एक इचारू? बाईमाणसाचाबी चीक आसाच आसतोय?”

“का हो आक्का?”

“आमची पयली पोरगी. सासूबाईंनी तीन दिस अंगावर घिऊ दिली न्हाय. पिवळं दूध वंगाळ म्हणून मला पिळून टाकाय लावलं आन् पोरीला मध चाटवला. बारशाच्या आदीच हगवणीनं गेली.” ती गोठ्याकडं बघत होती. “म्हशीचा थेंब आमी कदी वासरापास्नं काढला न्हाय.”

डॉक्टरांना खोटं बोलावंसं वाटलं. माणसाचं निराळं असतं, एवढं म्हटलं असतं तर त्या बाईचं ओझं कमी झालं असतं. पण चौकटीला टेकून विजयमाला उभी होती, दोन्ही हात पोटावर ठेवून.

“व्हय आक्का,” ते म्हणाले. “आसाच आसतोय.”

राजमतीआक्कानं गोठ्यावरची नजर काढली. पदरानं तोंड पुसलं. मग सुनेकडं वळली.

“ऐकलंस न्हवं? तुजं बाळ पयल्या घटकंपास्नं अंगावर पियाचं. मधाची वाटी घिऊन कोण आलं, तर मी दारात बसलेली आसंन.”