महापुरातली घंटा

“प्रश्न पोरांनीच विचारायचे, उत्तरंही पोरांनीच शोधायची. मग आपण काय वर्गात माश्या मारत बसायचं?”

तोंडपाठ सरांनी हातातला कप बशीत असा आपटला, की शिक्षकांच्या खोलीतली कुजबुज बंद पडली. समोर नव्या बाई उभ्या होत्या. गेल्याच वर्षी लागलेल्या. आल्या त्या थेट संगणकाच्या खोलीत ठाण मांडून बसलेल्या. इतिहास-भूगोल शिकवायची त्यांची तऱ्हा निराळी होती. मुलांपुढे एक प्रश्न ठेवायचा, इंटरनेटवरचे जुने नकाशे, फोटो, वर्तमानपत्रं उघडून द्यायची आणि म्हणायचं, आता शोधा. कोणी काही सांगितलं की एवढंच विचारायचं, “हे कशावरून?”

सरांना हे म्हणजे आपल्या हयातभराच्या कामावर बोळा फिरवल्यासारखं वाटे. ते सांगत, मुलं लिहून घेत, घोकत आणि पास होत. टोपणनाव त्यावरूनच पडलेलं. ते त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

“एकदा करून तर बघू, सर,” नव्या बाई म्हणाल्या. “विषय तुम्हीच द्या.”

“मी देऊ? मग आपल्या गावचा महापूरच घ्या. बघू तुमचं इंटरनेट काय दिवे लावतंय.”

कोपऱ्यातून कोणीतरी फिसकन हसलं. महापूर हा सरांचा हुकमी पत्ता होता. पहाटे नदी फुगली, तेव्हा घंटाघरातल्या पहारेकऱ्यानं जिवावर उदार होऊन घंटा वाजवली आणि सखल भागातली खालची आळी जागी होऊन वाचली, हे गावात शेंबडं पोरही सांगे. घंटाघराच्या भिंतीवर तशी दगडी पाटी होती. तो पहारेकरी म्हणजे सरांचे आजोबा. दरवर्षी नववीच्या वर्गाला हे सांगताना सरांचा आवाज दाटून येई. ते नाटक नव्हतं.

नववीच्या मुलांनी शोधलेलं ऐकायला सर मुद्दाम हेडसरांना सोबत घेऊन गेले. बाईंची फजिती बघायला साक्षीदार हवा होता. संगणकाच्या खोलीत पडदे ओढलेले, भिंतीवर उंचसखल जमीन दाखवणारा गावाचा नकाशा. बोलायला उठली ती इस्त्रीवाल्याची थोरली. राहायला खालच्याच आळीत, वर्गात पहिली येणारी, बोलणं हळू पण तुटक नाही.

“सर, पाणी नदीकडून नाही आलं. नदीच्या बाजूला जमीन उंच आहे. ते मागच्या ओढ्यातून शिरलं. घंटाघर नदीच्या बाजूला. तिथून ओढा दिसतच नाही.”

“बरं, पुढे?” सर खुर्चीत रेलले.

पोरीनं दुसरं चित्र लावलं. जुन्या वर्तमानपत्राचं पान, अक्षरं फिकी पडलेली. “ही बातमी पुराच्या आधीची आहे. घंटेला तडा गेला म्हणून ती खाली उतरवून ओतकाम करणाऱ्यांकडे पाठवली. आणि ही नंतरची. पूर ओसरल्यावर नवी घंटा चढवली.” ती थांबली. “म्हणजे त्या पहाटे वर घंटा नव्हती, सर.”

हेडसरांनी चष्मा काढला आणि उगाच पुसायला घेतला.

“मग आळी जागी कोणी केली? तुझ्या बापानं?” सरांनी विचारलं.

“बायकांनी. ओढ्याकाठच्या घरांतल्या. पत्रे बडवत फिरल्या. तेही छापलंय, अगदी खाली, दोन ओळी. माझी आजी पण हेच सांगायची. मीच तिला म्हणायचे, तुला काही कळत नाही, शाळेत घंटा शिकवलीय.”

सर उठले. “म्हणजे माझे आजोबा खोटारडे?”

“आजोबा काही बोलल्याचं कुठंच सापडलं नाही, सर. आम्ही खूप शोधलं. पाटी खूप वर्षांनी लागलीय. तेव्हा—”

“बस खाली!”

आवाज एवढा चढला की शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी गोळा झाली. सर नव्या बाईंकडे वळले. “ही विद्या तुमची. पोरांच्या तोंडून माझ्या घराण्याची लक्तरं वेशीवर टांगायची!”

“विषय तुम्ही दिलात, सर,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी सर आत्याकडे गेले. आजोबांच्या लेकरांमधली तेवढी एकच मागे उरली होती. थकलेली, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. आत्या खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. सरांनी उभ्या उभ्याच विचारलं, “आत्या, आजोबांनी घंटा वाजवली होती ना?”

तिनं मान वर केली नाही. “वाजवायला होती कुठं ती?”

“मग पाटी?”

“पाटी तुझ्या बापानं लावली. निवडणुकीला उभं राहायचं होतं ना त्याला! बाबांना कोणी विचारलंच नाही. पाटी लागली तेव्हापासून बाबांनी तो रस्ता सोडला. बाजाराला जायचं तर पार गावाला वळसा घालून जायचे. पाय दुखायचे, तरी.”

सरांना लहानपणचं एकदम आठवलं. पुराची गोष्ट सांगा म्हणून त्यांनी हट्ट धरला, की आजोबा चप्पल घालून बाहेर निघून जात. मोठी माणसं आपल्या मोठेपणाबद्दल बोलत नाहीत, असं वडील सांगत. सरांनी तेही आयुष्यभर वर्गात सांगितलं होतं.

“हे आधी का नाही बोललीस?”

“तू कधी विचारलंस? तू नेहमी सांगायलाच यायचास.”

एखादा माणूस तिथंच मऊ पडला असता. सर पडले नाहीत. घरी येईपर्यंत त्यांचा राग दुप्पट झाला होता, आणि आता त्याला जायला जागाही नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडसरांसमोर तक्रार ठेवली: गावाच्या इतिहासाची विटंबना, वडीलधाऱ्यांचा अवमान. चार पालकांना फोन केले. हेडसर वारा येईल तशी पाठ फिरवणारे. आठवड्याच्या आत संगणकाच्या खोलीला कुलूप लागलं आणि नव्या बाईंना पहिलीचा वर्ग दिला गेला.

सामान उचलताना बाई सरांपाशी थांबल्या. “जाते मी पहिलीवर. तिथली पोरं दिवसभर ‘का’ विचारतात, सर. त्यांना कसं गप्प करणार तुम्ही?”

सरांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

मग नववीला महापुराचा धडा त्यांनी पुन्हा घेतला. या वेळी आवाज दाटला नाही. कोरड्या सुरात, स्वल्पविरामासकट लिहून दिला. ‘पहारेकऱ्याने, जिवाची पर्वा न करता, घंटा वाजवली.’ सगळ्यांनी लिहून घेतलं. कोणी हात वर केला नाही, कोणी हसलंही नाही. सरांना वाटलं, एखाद्यानं तरी खोडी काढावी, म्हणजे कान धरून बाहेर काढता येईल. पण माना खालीच. पोरांच्या त्या आज्ञाधारकपणात असा नकार होता, जो त्यांना वर्गातल्या आयुष्यभराच्या आरडाओरड्यात कधी भेटला नव्हता.

वार्षिक परीक्षेत तो प्रश्न त्यांनी घातलाच. पेपर तपासायला बसले, तर एकामागून एक पेपरात उत्तर लिहिलेलं, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच स्वल्पविरामांसह. कुठे मार्क कापायला फट नव्हती. इस्त्रीवाल्याच्या थोरलीचा पेपर मात्र वेगळा निघाला. बाकी सगळं चोख, आणि या प्रश्नाचा क्रमांक सुबक घालून, खाली पट्टीनं रेघ मारून, पुढची जागा कोरी सोडलेली. तिथं त्यांनी शून्य घातलं. मार्कांची बेरीज केली. पोरगी पहिल्या नंबरावरून खाली आली होती.

पेपर वाटायच्या दिवशी तिचा नंबर पुकारला. ती टेबलाशी आली. सरांनी पेपर हातात धरूनच ठेवला.

“हा प्रश्न का सोडलास? वेळ पुरला नाही?”

“पुरला, सर.”

“मग येत नव्हतं?”

“येत होतं. तोंडपाठ आहे.” तिनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. त्या बघण्यात उर्मटपणा असता, तर बरं झालं असतं. “म्हणून दाखवू?”



“नको,” सर म्हणाले.

तिनं दोन्ही हातांनी पेपर घेतला, सवयीनं ‘थँक्यू सर’ म्हटलं आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. सरांनी गठ्ठ्यातला पुढचा पेपर उचलला. नंबर पुकारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. त्यांनी घसा खाकरला. मुलं वाट बघत राहिली, शांतपणे, जशी त्यांनीच शिकवली होती.